आभाळावर घागरीची सावली

चाळीतल्या दोन खोल्यांत आम्ही माणसं पाच आणि ट्रंक एक, आणि त्या एका ट्रंकेनं पाच माणसांइतकी जागा अडवलेली. तिच्यावर बसता येत नव्हतं, कारण झाकण खचलं होतं. ती खाटेखाली जात नव्हती. येताजाता कुणाची ना कुणाची नडगी फुटायची. मी रोज म्हणायचो, ही ट्रंक एक दिवस भंगारात घालतो. माझा राग नाकावर असतो, हे सगळ्या चाळीला माहीत होतं, त्यामुळे कुणी मनावर घेत नसे.

ट्रंक दादांची. दादा म्हणजे माझे वडील. त्यांनी उभी हयात सिनेमाच्या तंबूच्या दारात काढली. चाकण, खेड, मंचर, तळेगाव, मधेच एखाद्या गावची जत्रा, असा तो तंबू फिरायचा आणि त्याच्यामागे दादा फिरायचे. म्हणायला डोअरकीपर, पण कामं सतरा. सकाळी बैलगाडीत बसून कर्ण्यातून गावभर ओरडायचं, पोस्टरं चिकटवायची, संध्याकाळी दारात उभं राहून तिकिटं फाडायची. आणि तंबूच्या बाहेर एक काचेची पेटी असायची, तिच्यात चालू सिनेमाचे फोटो लावायचे. ते काळे-पांढरे फोटो रिळांच्या डब्यांबरोबर पुण्याहून यायचे आणि डब्यांबरोबरच परत जायचे असा नियम होता. नियम कुणी पाळतं का? काही फोटो मागे राहायचे, काहींचे डबेच परत मागायला कुणी यायचं नाही. राहिले ते दादांच्या ट्रंकेत.

मी बासष्ट साली पिंपरीत कंपनीला लागलो तेव्हा तंबू जोरात होता. पंचाहत्तरच्या सुमारास तो उठला. पक्की थिएटरं झाल्यावर कनातीत मातीवर बसून सिनेमा बघायला कोण येतो? मालकानं खांब काढले, कापड काढलं, आणि दादा एक दिवस खांद्यावर ट्रंक घेऊन आमच्या दारात उभे राहिले. मी विचारलं, हे काय? ते म्हणाले, फोटो. त्यांचं बोलणं तेवढंच. आयुष्यभर कर्ण्यातून ओरडून मामंजींचं बोलणं संपून गेलंय, असं माझी बायको म्हणायची.

पुढच्याच वर्षी ट्रंकेत कसर झाली. चंदेरी किडे भराभरा भिंतीवरून पळायला लागले. बायकोनं फर्मान काढलं, एक तर हे उन्हात घाला, नाहीतर रद्दीवाल्याला बोलवा. आमच्या पट्ट्यातल्या कंपन्यांना सुट्टी गुरुवारची, त्यामुळे एका गुरुवारी आम्ही चाळीपुढच्या अंगणात तीन खाटा टाकल्या आणि सगळे फोटो उन्हाला मांडले. झालं. अर्धी चाळ गोळा झाली. हा अमक्या पिक्चरचा, छे राव, हा तमक्याचा, म्हणून वाद सुरू झाले. फौंड्रीतला एक गडी आणि स्टोअरमधला एक, दोघं एका फोटोवरून आठ दिवस बोलत नव्हते.

मला तो नाद तिथं लागला. माझं कंपनीतलं काम इन्स्पेक्शनचं. मशिनवरून आलेला पार्ट हातात घ्यायचा, गेज लावायचं, मापात असेल तर पुढे, नसेल तर लाल रंगाचा फटकारा मारून बाजूला. दिवसभर हेच. त्यामुळे चेहऱ्यावर भुलायची मला सवय नाही. लोक फोटोत हिरोईन बघायचे, मी मागचा खांब बघायचो. एका फोटोतल्या राजवाड्याच्या खांबावर कमळ होतं आणि कमळाची एक पाकळी तुटलेली होती. तोच खांब, तीच तुटकी पाकळी दुसऱ्या फोटोत एका सावकाराच्या माडीत. म्हणजे स्टुडिओ एकच आणि वर्षही मागंपुढं. एकच मोत्याचा हार तीन राण्यांच्या गळ्यात सापडला. कागद जाड की पातळ, कडेची पांढरी पट्टी रुंद की अरुंद, टाचण्यांची भोकं चार की दोन, सगळं मी भिंगातून बघून एका वहीत उतरवायला लागलो. फोटोला नंबर, पौराणिक की सामाजिक, कोण कोण दिसतंय, आणि शेवटचा रकाना चित्रपटाच्या नावाचा.

पुष्कळ फोटोंच्या मागे दादांच्या हातचं पेन्सिलीनं लिहिलेलं होतं: चित्रपटाचं नाव, खाली गावाचं. तिथं प्रश्नच नव्हता, नाव थेट वहीत. ज्यांच्या मागे काही नव्हतं त्यांना मी बेवारशी म्हणायचो, आणि त्यांच्यातला एक एक ओळखू आला की चार दिवस शेखी मिरवायचो. दुसऱ्या डिपार्टमेंटची माणसंसुद्धा घरातले जुने फोटो घेऊन माझ्याकडे यायला लागली. मला वाटायचं, आपल्यासारखी नजर पिंपरी ते चाकण कुणाला नाही.

आमच्यापासून तिसऱ्या दारात एक ताई राहायच्या. कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटायच्या. तिशी ओलांडलेली, माहेर चाकणचं, नवरा फौंड्रीत शिफ्टला. गुरुवारी खाटा पडल्या की त्या हटकून यायच्या, पण वाद घालायच्या नाहीत. एकेक फोटो उचलायच्या, डोळ्यांजवळ न्यायच्या, ठेवायच्या. आणि मी बघायचो, त्यांचं बोट कधी हिरोइनीवर नाही, राजावर नाही. मागे गर्दी असेल तर गर्दीवरून फिरायचं. असे पाच-सहा गुरुवार झाले. मला असलं काही कळलं नाही की चैन पडत नाही. एकदा मी जरा चिडूनच म्हटलं, "ताई, नट-नट्या पुढं आहेत. तुम्ही त्या मागच्या बायांमध्ये काय शोधताय?"

त्या म्हणाल्या, "आईला."

मी खाली बसलो. त्यांनी सांगितलं ते असं. त्या तीन वर्षांच्या असताना आई आणि मावशी चाकणला कांदा निवडायला जायच्या. पुण्याच्या कुठल्याशा स्टुडिओत देवादिकांच्या सिनेमाचं काम चाललं होतं आणि गर्दीला बाया हव्या होत्या. एक माणूस बाजारात आला आणि दहा-बारा जणींना कांद्याच्या ट्रकमधून घेऊन गेला. त्यात या दोघी बहिणी. तीन दिवस काम झालं. पुढच्याच वर्षी आई तापानं गेली. आईचा फोटो नाही, कुणी काढलाच नव्हता. वडिलांनी दुसरं लग्न केलं, आणि पहिलीबद्दल घरात बोलणं बंद झालं.

"मी आरशात बघते, भाऊ," त्या म्हणाल्या, "पन कुनासारखी दिसते ते मला ठाऊक न्हाई."

त्यांच्या घरी भिंतीवर बुद्धांची तसबीर होती आणि तिच्या शेजारी नुसता एक खिळा. माझ्या बायकोनं एकदा त्याच्यावर कॅलेंडर अडकवून दिलं होतं, चांगल्या मनानं. दुसऱ्या दिवशी कॅलेंडर दाराच्या मागे गेलं होतं. तो खिळा कशासाठी होता ते आम्हाला त्या गुरुवारी कळलं.

अडचण अशी होती की आईचा चेहरा ताईंना आठवत नव्हता. वडीलही आता नव्हते, ओळखणारं माणूस जगात एकच उरलं होतं, चाकणची मावशी. तिची साठी जवळ आलेली. एका डोळ्यात फूल पडून तो केव्हाच गेला होता आणि दुसऱ्यात मोतीबिंदू उतरत होता. ऑपरेशनचं नाव काढलं की ती उठून जायची. म्हणजे त्या एका डोळ्यात उजेड आहे तोवर फोटो सापडला तर सापडला. मी छाती पुढे काढून सांगितलं, माझ्या ट्रंकेत असेल तर दोन महिन्यांत काढून देतो. त्या वेळी मी तसाच होतो.

आधी माहिती घ्यावी म्हणून आम्ही तिघं, ताई, बायको आणि मी, नाशिक फाट्यावरून एसटीनं चाकणला गेलो. मावशी कांद्याच्या शेडमध्ये ढिगापुढे बसलेली. हात आपोआप चालू होते. न बघता नुसत्या बोटांनी ती सडका कांदा बाजूला टाकत होती. मी वही उघडून पोलिसासारखे प्रश्न विचारायला लागलो. तिनं सांगितलं, पिक्चर देवाचा हुता. लुगडी जिची तिची, स्टुडिओनं फक्त गळ्यात घालायला कागदाच्या माळा दिल्या. बायांनी रिकाम्या घागरी घेऊन रांगेत उभं राहायचं आणि राजा येतोय त्याच्याकडं बघायचं. मागं आभाळ म्हणून निळं कापड बांधलेलं, त्याच्यावर चुन्यानं ढग काढलेले. कापड होतं ते तिला चांगलं आठवत होतं, कारण वारा आला की आभाळ हलायचं आणि बाया हसायच्या. आणि मग म्हणाली, तिसऱ्या दिवशी हिच्या आईला हाकलली.

मी विचारलं, का? मावशीचे हात थांबले. चुकली असंल कायतरी, एवढं म्हणून तिनं तोंड फिरवलं आणि पुन्हा कांदे निवडायला लागली. परत येताना ताई म्हणाल्या की लहानपणापासून मावशी इथपर्यंतच सांगते, पुढं नाही.

मी घरी आलो आणि कामाला लागलो. दादांनी मागे पौराणिक चित्रपटाचं नाव लिहिलेले सगळे फोटो वेगळे काढले. मुकुट, धनुष्य, कमंडलू असं काही दिसत असलेले बेवारशीही काढले. त्यातले घागरीवाल्या बायांचे, गर्दीचे, आभाळाचे पुन्हा वेगळे. दर महिन्यातल्या एका गुरुवारी दहा-बारा फोटो वर्तमानपत्रात गुंडाळून ताई आणि मी चाकणला जायचो, कधी बायको यायची. मावशी फोटो उन्हाकडे धरायची, तिरका करायची, डोळ्याशी न्यायची आणि म्हणायची, न्हाई. ताई तो परत कागदात ठेवायच्या. दुसरा. न्हाई. मला दर वेळी वाटायचं आपण रिजेक्ट होतोय.

दोन महिन्यांचं वर्ष झालं. वर्षाची दोन झाली. मावशी फोटो अधिकाधिक जवळ धरायला लागली, इतकी की तिच्या पापण्या कागदाला लागायच्या. कांद्याच्या शेडवर जाणं बंद झालं, ती घरच्या उंबऱ्यात बसायची. एका गुरुवारी तिनं फोटो घेतला, डोळ्याशी धरला, सावकाश डावीकडून उजवीकडे मान फिरवली आणि म्हणाली, न्हाई. फोटो उलटा होता. बायांचे पाय वर, डोकी खाली. ताईंनी हळूच तो तिच्या हातातून काढून घेतला, सुलटा केला आणि कागदात ठेवला. एसटीत मला राग येत होता, कुणाचा ते कळत नव्हतं.

त्यानंतर चाकणच्या खेपा थांबल्या. ताई गुरुवारी यायच्या नाहीत. मीही ट्रंक भिंतीकडे सरकवून ठेवली.

दोन-अडीच महिन्यांनी असेल, बायकोनं पुन्हा कसरीवरून कटकट सुरू केली आणि मी सुट्टीच्या दिवशी ट्रंक उघडून बसलो. दादा पलीकडे खाटेवर शेंगा सोलत होते. हाताला एका सामाजिक चित्रपटाचा गठ्ठा लागला. मागे दादांचं अक्षर, नाव तेच, गाव चाकण. सगळं बरोबर. पण सहज पत्त्यांसारखे ओळीनं मांडले तर एका फोटोत हिरोईन एक आणि दुसऱ्यात दुसरीच. कागदही दोन तऱ्हेचा. मी स्वतःशीच बडबडायला लागलो, असं कसं होईल, पिक्चर एक, नाव एक, आणि बाई कशी बदलली?

"ते त्या पिक्चरचे न्हाईत," दादा म्हणाले.

मी म्हटलं, मागे तुमच्याच हातचं नाव आहे.

"हाय की. त्या आठवड्याला लावले हुते म्हनून लिवलंय. पुन्यानं फोटो कमी धाडले की मी ट्रंकेतले घालायचो. काच अर्धी मोकळी दिसली तर लोक म्हनायचे, पिक्चर तुटका हाय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उभा राहून ओरडलो, की दोन वर्षं मी या नावांवर भरवसा ठेवून एका म्हाताऱ्या बाईच्या डोळ्यांपुढे नको ते फोटो नाचवतोय, आणि तुम्ही तीन हातांवर बसून शेंगा सोलताय, सांगितलं का नाही? शेजारची दारं उघडली. दादांनी एक शेंग फोडली, दाणे तळहातावर घेतले.

"इचारलंस का?" ते म्हणाले.

तोंडात मारल्यासारखं झालं. खरंच विचारलं नव्हतं. खांबाला विचारलं, हाराला विचारलं, टाचणीच्या भोकाला विचारलं, आणि ज्यानं ती टाचणी टोचली तो माणूस घरात बसलेला असताना त्याला एका शब्दानं विचारलं नव्हतं. तो अडाणी आणि मी इन्स्पेक्टर.

मग मी मागची सगळी नावं विसरलो आणि ट्रंक पहिल्यापासून काढली. दादा उठून माझ्याजवळ येऊन बसले. हा जागा भरायला घातलेला, हा खरा, असं बोटानं दाखवत राहिले. त्यांना एकेक आठवत होता. मी दोन वर्षं ज्या दारावर टकटक करत होतो त्याला कडीच नव्हती.

फोटो त्याच सामाजिक गठ्ठ्यात होता. माझ्या वहीत त्याची नोंदसुद्धा होती: गावातला प्रसंग, पाणवठ्यावरच्या बायका, किरकोळ. कडेला एका पुरुषाचा नुसता दंड दिसत होता आणि दंडावर बाजूबंद. सामाजिक चित्रपटात बाजूबंद कसा, असा प्रश्न मला तेव्हाही पडला होता, पण त्या चित्रपटात एखादा नाटकाचा प्रवेश असेल असं ठरवून मी मोकळा झालो होतो. हुशार माणूस स्वतःला असा फसवतो. बायांच्या मागे आभाळ होतं. भिंग लावलं तर आभाळाला चुण्या होत्या. आणि त्या आभाळावर घागरींच्या सावल्या पडल्या होत्या, गोल गोल, स्वच्छ. मी त्या आधीही बघितल्या होत्या आणि लायटिंगवाल्याला हसलो होतो.

रांगेत बाया नऊ. आठ जणी बाजूबंदाच्या दंडाकडे बघताहेत. उजवीकडून तिसरी मात्र इकडे, सरळ समोर बघत होती. तोंड अर्धवट उघडं, कमरेवरची घागर कलंडलेली.

मी फोटो घेऊन तिसऱ्या दारात गेलो. ताईंच्या हाताला कणीक होती, त्यांनी ती धुतली, पुसली आणि फोटो घेतला. किती तरी वेळ बघत राहिल्या. मला वाटलं आता रडतील. त्या म्हणाल्या, यातली कोणती, भाऊ? कोणतीही असेल. नसेलही. मी कशी ओळखू?

मला त्या वेळी माझ्या दोन वर्षांची लाज वाटली. फोटो सापडला होता आणि ज्या डोळ्यासाठी शोधायचा तो डोळा गेला होता, माझ्या शहाणपणापायी.

तरी आम्ही चाकणला गेलो. मावशी उंबऱ्यात बसली होती. आमची चाहूल लागताच म्हणाली, आता कशाला आनला, मला दिवा लावला का विजवला तेवढंच समजतं. ताईंनी फोटो तिच्या मांडीवर ठेवला. तिनं त्याच्यावरून हात फिरवला, कांद्यावरून फिरवायची तसा, आणि परत दिला. कागदाला काय कळणार?

मला काय सुचलं कोण जाणे. मी म्हटलं, मावशी, मी बघतो आणि जे दिसेल ते सांगत जातो, तुम्ही फक्त ऐका. आणि मी भिंग काढून कंपनीत रिपोर्ट वाचतात तसा तो फोटो वाचायला लागलो. डावीकडून पहिली बाई, उंच, कपाळाला मोठं कुंकू, घागर डाव्या कमरेवर. दुसरी, जाड, नाकात नथ. मावशी म्हणायची, फुडं. तिसरी. फुडं. चौथीला तिनं ओळखलं, ही आमच्या आळीतली, वारली. पाचवी, सहावी. मग उजवीकडून तिसरी. बारीक, गळ्यात कागदाची माळ, डोक्यावरचा पदर घसरलेला.

मावशीनं विचारलं, "खांद्यापशी ठिगळ हाय का?"

भिंग लावून बघितलं. होतं. चौकोनी, वेगळ्या कापडाचं, चौकटीचौकटीचं.

"माझं लुगडं हुतं ते," मावशी म्हणाली. "ती ही."

ताई हलल्यासुद्धा नाहीत. मीच घाईघाईनं पुढे बोललो, काहीतरी बोलायचं म्हणून. म्हटलं, मावशी, सगळ्या बाया राजाकडे बघताहेत, ही एकटी कॅमेऱ्याकडे बघतेय. बघू नका म्हणून सांगितलं असणार. म्हणूनच हाकललं का हिला?

मावशीनं ताईंचा हात चाचपून धरला आणि बोलायला लागली ती माझ्याशी नाही, त्यांच्याशी.

"कॅमेऱ्याकडं न्हाई बघत ती. मला त्या दिशी रांगंत घेतलं नव्हतं. मी त्या कॅमेऱ्याच्या पेटीच्या बाजूला उभी हुते आन् तू माझ्या कडंवर. तू भोकाड पसरलंस, आये आये म्हनून. तिनं वळून बघितलं. तेवढ्यासाठी त्यांनी सगळ्यांम्होरं तिला घालवली."

ताईंनी विचारलं, इतक्या वर्षांत कधी सांगितलं नाहीस?

मावशी म्हणाली, "काय सांगू? तुझ्या रडन्यानं आईचं काम गेलं म्हनून? वरसात तर ती गेली."

ताईंनी माझ्या हातातून फोटो घेतला. आधी मांडीवर धरला, मग दोन्ही हातांनी उचलून तोंडासमोर आणला. भिंग दिलं तर नको म्हणाल्या. बारीकशी बाई, पदर घसरलेला, घागर कलंडलेली, आणि डोळे नेमके समोर. मला आता तिच्या उघड्या तोंडाचाही अर्थ लागत होता. ती काहीतरी म्हणत होती, आले गं, किंवा गप गं, आई पोराला म्हणते तसलं.

"मग माझ्याकडंच बघतीय," ताई म्हणाल्या. आणि हसल्या, आणि मग रडल्या, आणि मावशी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. मी उठून अंगणात गेलो. मला कुणासमोर डोळे पुसायला आवडत नाही.

पुढे चिंचवडच्या एका फोटोवाल्याकडे आम्ही तो मोठा करायला नेला. तो कामाचा माणूस होता, म्हणाला, बाकीच्या आठ काढून टाकू, नुसता हिचा चेहरा घेऊ, ठिगळ ब्रशनं घालवू, तोंड मिटल्यासारखं करू. ताईंनी त्याला सांगितलं की आहे तसा पाहिजे. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, ऐकलं ना बाई काय म्हणाल्या ते.

बुद्धांच्या शेजारचा खिळा मात्र रिकामाच राहिला. माझ्या बायकोनं विचारलंच, एवढी वर्षं ठेवला होता तो याच्यासाठी ना? ताईंनी नवऱ्याकडून समोरच्या भिंतीवर नवा खिळा मारून घेतला होता, चांगला खाली, बसल्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत. समोर त्यांचा स्टोव्ह होता. भाकरी थापताना त्या तिथं बसायच्या.

दादा त्यानंतर दोन वर्षांनी गेले. ट्रंक मी काही भंगारात घातली नाही. वही अजून आहे. त्या फोटोच्या ओळीवर मी तेव्हाच काट मारली आणि खाली नव्यानं लिहिलं. तो कुठल्या चित्रपटाचा ते दादांनाही सांगता आलं नाही, मलाही शेवटपर्यंत सापडलं नाही, त्यामुळे नावाचा रकाना कोरा आहे. कोण दिसतंय, या रकान्यात लिहिलंय: शेजारच्या ताईंची आई, उजवीकडून तिसरी. लेक रडतेय म्हणून वळून बघताना.